पाचवं कावून

सिनेमातल्या बाईने कडीवर हात ठेवला, काढला आणि तळवा कमरेजवळ साडीला पुसला. एवढंच झालं. बाहेरून कुणी दार वाजवत होतं, बाई उघडत नव्हती, आणि टीव्हीसमोर बसलेल्या चौघांपैकी तिघांना त्यात विशेष काही वाटलं नाही. भय्याजी चहात बिस्कीट बुडवत होते, नलू पदर डोळ्यांशी न्यायच्या तयारीत होती, आणि संघमित्रा खाली सतरंजीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, सात वर्षांची असल्यापासून बसते तशी. कमला मात्र खुर्चीत सरळ झाली. ती बाई हात का पुसते आहे ते तिला माहीत होतं. कडी करकरते म्हणून सकाळीच तिला खोबरेल लावलेलं असतं, आणि दुपारी हात लावला की ते तळव्याला येतं. सिनेमात हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? कडीला खोबरेल लावलं होतं ते कमलाने, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, याच क्वार्टरमध्ये, याच दाराला. आणि हात पुसला होता तोही तिनेच. तेव्हा घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं. जे उभ्या जगात एका माणसाला ठाऊक, ते पडद्यावरची कुठलीशी नटी करून दाखवते म्हणजे काय म्हणायचं? कमलाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. पंखा फिरत होता. खिडकीच्या पडद्यापलीकडे रुआबांधा कॉलनीवर एप्रिलचं ऊन पांढरंफेक पडलं होतं. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं.

रविवारी दोनला सिनेमा, साडेचारला दुसरा चहा आणि मग पंचनामा, हा त्यांचा दोन वर्षांचा नेम. पंचनामा हा शब्द नलूचा. भय्याजी त्याला चौकशी म्हणत. भय्याजींनी एकतीस वर्षं पोलादाच्या प्लांटच्या सेफ्टी सेक्शनमध्ये काढली होती आणि माणूस रिटायर झाला तरी सवय रिटायर होत नाही. तिकडे काही बिघडलं की कुणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत, पाच वेळा ‘का’ विचारायचं, अशी रीत. साहेबलोक त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणत. भय्याजी त्याला ‘पाच कावून’ म्हणत. मीटिंगमध्ये चहाची किटली उलटली तरी ते सोडत नसत. किटली कावून उलटली? धक्का लागला. धक्का कावून लागला? असं करत करत पाचव्या कावूनला निघे की मीटिंगच ठेवायला नको होती. हीच रीत त्यांनी सिनेमाला लावली. पात्राने अमुक का केलं यावर नुसती वटवट करायची नाही. कुणीतरी एकाने ते पात्र होऊन खुर्चीवर बसायचं, ‘मी’ म्हणून बोलायचं, आणि ज्याने सिनेमा सुचवला असेल त्याने पाच कावून विचारायची. ‘माहीत नाही’ म्हणायला बंदी. “पह्यलं उत्तर तोंडातलं राह्यते,” भय्याजी सांगत, “दुसरं घरातलं, तिसरं समाजातलं. चवथ्याले मानूस हातपाय हलवते. पाचव्याले त्याच्यापाशी मालच उरत नाई. मंग खरं बोला लागते.” नलूला या सगळ्यात गोडी नव्हती. ती गोंदियाकडची शेतकऱ्याची लेक, समोरच्या क्वार्टरमध्ये राहायची, आणि तिला सिनेमात फक्त एक्टिंग दिसे. ग्लिसरीनचं पाणी गालाच्या मधून उतरतं आणि खरं पाणी नाकाच्या कडेने, असा तिचा सिद्धांत होता, आणि त्यावर ती भल्याभल्या नटांना नापास करी. सिनेमे आणायचं काम संघमित्राचं. ती नेहरू नगरला कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवायची, नवऱ्याबरोबर तिकडेच राहायची, आणि रविवारी कमलाकडे यायची. कुठून शोधून आणायची कोण जाणे, कुणी न ऐकलेले, न पाहिलेले. कमलाला वाटे, पोरीला आपल्यासारखंच वेड लागलं. त्याचं तिला मनातून फार सुख होतं. पोटची नसली तरी हाडामासात काहीतरी आपलं उतरलं म्हणायचं.

“काय काम केलं वो त्या बाईनं!” सिनेमा संपल्यावर नलू म्हणाली. “डायलॉग नाई, काई नाई, नुसती पाठ. पाठीनं एक्टिंग करनं म्हंजे खेळ हाय का?”

“एक्टिंग राहू द्या नलूताई,” भय्याजी म्हणाले. “बाहेर तिची सख्खी बहीन उभी होती. दार कावून नाई उघडलं, ते बोला. डायरेक्टरनं कारनच देल्लं नाई. हे म्हंजे रिपोर्टवर सही हाय अन् रिपोर्ट कोरा.”

“तिनं हात कावून पुसला?” कमला म्हणाली. बोलायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

“हात?” नलूने विचारलं. “तिच्या हातात तं गिलास होता ना वो?”

“कडीले लावला ना हात. मंग साडीले पुसला.”

भय्याजींनी डोकं खाजवलं. ते दाराच्या सीनला बिस्किटात गुंतले होते हे त्यांनी प्रांजळपणे कबूल केलं. संघमित्राने सावकाश मान वळवली आणि कमलाकडे पाहिलं. मग हळू आवाजात, वर्गातल्या ढ मुलाला विचारावं तसं, विचारलं, “कोणता हात, मोठी माय?”

कमलाने उजवा हात मांडीखाली घेतला. का घेतला ते तिलाच कळलं नाही, पण संघमित्राची नजर त्या हाताबरोबर खाली गेली एवढं तिने पाहिलं. भय्याजींना समाजभवनात जयंतीच्या तयारीच्या मीटिंगला जायचं होतं, तेव्हा खुर्ची पुढच्या रविवारवर गेली. चपला घालता घालता त्यांनी विचारलं, “मंग खुर्चीवर कोन?” सुचवणाऱ्याने नाव घ्यायचं असा नियम होता. दोन वर्षांत संघमित्राने कमलाचं नाव कधी घेतलं नव्हतं; नलूला बसवलं होतं, भय्याजींना तर एकदा नाचणारीसुद्धा केलं होतं. “मोठी माय,” ती म्हणाली. “ह्या बाईचं तिलेच जमन.” आणि स्कूटी काढून गेली.

त्या आठवड्यात कमलाला धड झोप लागली नाही की धड जाग आली नाही. सोमवारी भाजी निवडताना तिच्या मनात पहिल्यांदा तो हिशोब आला, आणि एकदा आला तो गेलाच नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर संघमित्राने आणलेला सिनेमा कोणता? म्हातारा बाप, मुलाचा फोन वाजत राहतो आणि तो नुसता बघत बसतो. त्याच्या नंतरचा? नर्स, जिला रात्रपाळीत घंटी ऐकू येते आणि ती पुस्तकाचं पान उलटते. मग ते आलेलं पत्र, तांदळाच्या कोठीखाली ठेवून दिलेलं. मग तो नावाडी, पलीकडच्या काठावरून हाक येते आणि तो विडी पेटवतो. कमलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. भाषा निराळ्या, नट निराळे, गोष्टी निराळ्या, पण प्रत्येक सिनेमात कुणीतरी कुणालातरी बोलावत होतं आणि ज्याला बोलावलं तो घरात होता, जागा होता, आणि ओ देत नव्हता. दोन वर्षं या माणसांनी खुर्चीवर बसून त्या बापाचं, त्या नर्सचं, त्या नावाड्याचं मन उलटंपालटं केलं, कमलाने स्वतः अक्कल पाजळली, आणि तिला एकदाही दिसलं नाही की हे सगळे एकाच घरचे लोक आहेत. आणि आता तिला दुसरंही आठवू लागलं. तो फोन वाजत होता तेव्हा संघमित्रा टीव्हीकडे बघत नव्हती. ती नर्स पान उलटत होती तेव्हाही नाही. ती सतरंजीवर अशी बसायची की टीव्ही डाव्या हाताला राहील आणि कमलाची खुर्ची समोर. कमलाला भीती वाटली. स्वतःच्या हाताने वाढवलेल्या, जिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, जिला पहिल्यांदा साडी नेसवली, त्या पोरीची भीती. पण तिला काही माहीत असणं शक्यच नव्हतं. ती तेव्हा सात वर्षांची, आणि इथे नव्हतीच.

यशोधरा कमलाची धाकटी बहीण, संघमित्राची आई. कमलाला ती बाई म्हणायची. नवऱ्याचं घर दुर्गला, पद्मनाभपुरात. नवरा मारत नसे, पीत नसे. ड्युटीवर जाताना फक्त तिच्या चपला कपाटात कोंडून किल्ली खिशात घालून जाई. बायको कुठे जाऊ नये म्हणून. शेजारीपाजारी हसत, आणि यशोधरा सुद्धा सुरुवातीला हसली. मग हसणं संपलं. महिन्या दोन महिन्यांनी ती अनवाणी निघे आणि टेम्पोने रुआबांध्याला येई. तिचे पाय पाहून कमलाला आधी रडू यायचं, मग राग यायचा, मग नुसतीच बादली आणि साबण काढून द्यायची. चार दिवस राहायची, परत जायची. प्रेमानंद, कमलाचा नवरा, भला माणूस, पण तोही एकदा म्हणाला, “यावेळी ठेवून घेऊ नको. ते घर सुधरनार नाई अन् आपलं बिघडन.” आणि मग ती दुपार. प्रेमानंद दुपारच्या पाळीला, कूलरमध्ये नवा वाळा भरलेला, नवीन घेतलेला कलर टीव्ही, आणि केबलवाल्याचा एकचा सिनेमा. दार वाजलं. दोनदा तळव्याने, मग कडी खुळखुळवून. असं दार जगात एकच माणूस वाजवी. कमला उठली, दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग तिने हात काढला. पुन्हा एकदा वाजलं, हळू. त्यानंतर काही नाही. यशोधरा गेली कधी ते कळलंच नाही, कारण अनवाणी पावलं वाजत नाहीत. पाचला कमलाने दार उघडलं तेव्हा पायरी रिकामी होती. संध्याकाळी यशोधराने पोरीला पद्मनाभपुरात शेजारणीकडे बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती शिवनाथ नदीच्या पुलाखाली सापडली. पोलिसांनी विचारलं, तुमच्याकडे आली होती का? “नाई,” कमला म्हणाली. प्रेमानंदने विचारलं, नाई. तेरवीला नाही नाही ते लोक विचारत होते, नाई. त्याच आठवड्यात तिने दाराला विजेची घंटी बसवून घेतली. संघमित्राला तिने आणलं ते परत पाठवायला नाही. आणि पोर बारा वर्षांची झाली तेव्हा एका संध्याकाळी, वेणी घालून घेताना, पाठमोरीच म्हणाली, “माझी आई त्या दिवशी इकडं आली होती का?” कमलाचे हात तीन पेडांत अडकले होते. “नाई वो,” ती म्हणाली. “आली असती तं गेली असती का?” पोरीने फक्त “बरं” म्हटलं. पुन्हा कधी विचारलं नाही. कमलाला वाटलं, मिटलं. आपण खोटं बोललो याचंही पुढेपुढे तिला काही वाटेनासं झालं. ते खोटं घरातल्या पोलादी कपाटासारखं भिंतीला लागून उभं राहिलं आणि रोज त्याच्याकडे कोण बघतं.

बुधवारी दुपारी तिने तो सिनेमा एकटीने लावला. संघमित्राने टीव्हीत घालून ठेवलेलाच होता. एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं, म्हणजे भूत उतरेल, असा तिचा विचार. दाराचा सीन आला. बाहेर थापा पडत होत्या. बाई खोलीच्या मधोमध उभी होती, पाठमोरी, हातात स्टीलचा ग्लास, दारापासून चांगली सहा हात लांब. कमला वाट बघत राहिली. बाई जागची हलली नाही. ना कडी, ना तळवा, ना साडी. नलू बरोबर होती. कमलाने मागे नेऊन पुन्हा लावलं, पुन्हा, आणि पाचव्या का सहाव्या वेळी तिच्या लक्षात आलं की आपण बाईला मनातल्या मनात पुढे ढकलतो आहोत, जा ना बये, जा ना दारापाशी, पुस एकदाचा तो हात. मग रविवारी तिने काय पाहिलं होतं? आणि नसलेल्या हाताबद्दल संघमित्राने ‘कोणता’ म्हणून विचारलं ते कशाच्या बळावर? तेवढ्यात लाइट गेली. टीव्हीचा पडदा काळा झाला आणि त्यात तिला आपलीच खोली दिसली, खिडकी, खुर्ची, खुर्चीत म्हातारी. पंखा थांबत थांबत थांबला. कॉलनीत दुपारी अशी शांतता होते की लांबून प्लांटची घरघर जमिनीतून तळपायाला लागते. त्या शांततेत दार वाजलं. दोनदा तळव्याने. मग कडी खुळखुळली. लाइट नाही म्हणून घंटी वाजत नसेल, कुणीही असेल, नलू असेल, सिलिंडरवाला असेल. हे सगळं तिला पटत होतं आणि तिला उठता येत नव्हतं. एकसष्ट वर्षांची बाई खुर्चीचे हात धरून बसली होती आणि तिच्या मनात एकच होतं, की आता उघडलं नाही तर आपण माणूस नाही. ती उठली. भिंतीला धरत गेली. या वेळी कडी काढली. दार सताड उघडलं. पायरीवर ऊन होतं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक कुत्रं सोडून काही नव्हतं, आणि तेही झोपलेलं. संध्याकाळी तिने नलूला विचारलं. नलू दिवसभर बोरियाला भावजयीकडे होती.

रविवारी खुर्ची खोलीच्या मध्यभागी आली. निळी प्लास्टिकची, नेहमीची. कमला आंघोळ करून, पांढरी साडी नेसून बसली. सकाळी विहारात जाऊन आली होती आणि तिथे पंचशील म्हणताना ‘मुसावादा’पाशी तिची जीभ अडली होती, शेजारच्या बाईने वळून बघण्याइतकी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. इतकी वर्षं ती दर आठवड्याला म्हणत आली होती, आणि शब्द कधी अडला नव्हता. आता तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. सिनेमातल्या बाईची चार खोटी कारणं द्यायची, पाचवं जरा सजवून द्यायचं, नलूच्या टाळ्या घ्यायच्या आणि पोर सांभाळायची. नाहीतर खरं बोलायचं आणि या वयात तिला घालवून बसायचं. पोरीशिवाय तिला कुणी नव्हतं. प्रेमानंद गेल्याला पाच वर्षं झाली होती. संघमित्रा समोर सतरंजीवर बसली, गुडघे पोटाशी. आज टीव्ही बंद होता, तरी ती तशीच बसली.

“चला, सुरू करा,” भय्याजी म्हणाले.

“बाई,” संघमित्रा म्हणाली. खेळात पात्राला अशीच हाक मारत. पण आवाज पोरीचा नव्हता. किंवा पोरीचाच होता, आणि पोरीचा आवाज इतकी वर्षं आईसारखा होत होत आता झाला होता. “बाई, तू दार कावून नाई उघडलं?”

“नवरा रागावला असता,” कमला म्हणाली. “त्यानं सांगतलं होतं, आता तिले ठेवून घेऊ नको.”

“नवरा तर घरी नव्हता. त्याचं कावून ऐकलं?”

“चार दिस राह्यते अन् परत जाते ती. आपन मधात पडा, अन् आपनच वाईट व्हा.”

“बरोबर हाय,” नलू पुटपुटली. “बहिनीच्या संसारात पडूच नये.” भय्याजींनी तिला हाताने गप्प केलं.

“ती परत कावून जात होती, बाई?”

कमलाने ओठ ओले केले. हे सिनेमात नव्हतं. हे संघमित्राला विचारायला नको होतं, आणि तिला उत्तर द्यायला नको होतं. “तिले कोनी राह्य म्हटलंच नाई,” ती म्हणाली. “एकदाबी नाई. पाय धुवाले पानी देल्लं. जेवाले देल्लं. राह्य म्हनून नाई म्हटलं.”

“तू कावून नाई म्हटलं?”

“कंटाळली होती मी.” कमलाला आपला आवाज दुसऱ्या खोलीतून यावा तसा ऐकू येत होता. “खरं सांगतो, मले तिचा कंटाळा आला होता. तिचे ते पाय. तेच रडनं, तेच डोळे पुसून जानं. वाटे, एखाद्या महिन्यात नाई आली तं बरं होईन. माही बहीन होती ती, अन् मले असं वाटे.”

नलूच्या डोळ्यांना धार लागली होती. भय्याजी चष्मा काढून पुसत होते. संघमित्राच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती सतरंजीवरून थोडी पुढे सरकली, इतकी की तिचे गुडघे खुर्चीच्या पायांना लागले.

“ते तर नेहमीचंच होतं. त्या दिवशी कावून?”

माल संपला. भय्याजी सांगत तसंच झालं. कमलाने आत हात घातला तर तिथे काहीच उरलं नव्हतं, फक्त ती एक क्षुद्र, हसू येईल अशी, कुणालाही न सांगण्यासारखी गोष्ट. नवऱ्याचा धाक म्हणाली असती तर जगाने माफ केलं असतं. कंटाळा म्हटला तरी लोकांनी मान हलवली असती. हे मात्र कुणाला सांगणार?

“सिनेमा चालू होता,” ती म्हणाली. “टीव्हीवर. शेवटची ईस मिनटं राह्यली होती. ती आत आली असती तं रडत बसली असती, अन् माहा शेवट गेला असता. म्हनून.”

नलूने दोन्ही हातांनी टाळी वाजवली. “कमलाताई! अवो काय एक्टिंग केली! अंगावर काटा आला, पाह्य. नाकापासून पानी आलं वो तुमच्या, खरं पानी! ती सिनेमातली पानी भरन तुमच्यापुढं.”

“एक्टिंग हाय, पन पाइंट चुकला,” भय्याजी चष्मा चढवत म्हणाले. इतक्या वर्षांच्या चौकशीची सवय. “त्या बाईच्या घरी टीव्ही कुठी होता? तेवढं तं मी नीट पाह्यलं. कंदील होता तिच्या घरी.”

“होता,” संघमित्रा म्हणाली. “टीव्ही होता, भय्याजी काका. बाहेर आवाज येत होता.”

भय्याजींनी तिच्याकडे पाहिलं, मग कमलाकडे, मग तिच्या मांडीवर पालथ्या पडलेल्या हातांकडे. एकतीस वर्षं लोकांचे जबाब लिहून घेतलेला माणूस. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. “चला नलूताई,” ते उठत म्हणाले. नलू चहा राहिला म्हणत होती, पण त्यांनी तिच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या, आणि असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, म्हणून तीही काही न बोलता गेली. दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं.

कमला खुर्चीवरच बसून होती. उठायचं सुचलं नाही. “तू शेजारनीकडं होती,” ती म्हणाली. “पद्मनाभपुरात.”

“संध्याकाळी. दुपारी आईच्या कडेवर होती मी. माझ्या चपलासुद्धा पप्पांनी कपाटात टाकल्या होत्या. जमीन पोळत होती, म्हणून आईनं उचलून घेतलं होतं मले.” संघमित्रा सावकाश, कुणाची तक्रार न करता सांगत होती. “दोन वर्षं सिनेमे आणून राहिली मी. वाटे, एखादा पाहून तू आपल्या मनानं सांगशील. तू दुसऱ्यांचीच कारणं शोधत बसली. किती छान शोधायची तू, मोठी माय. त्या नर्सचं तर मले तुझ्यामुळं समजलं.”

“कावून नाई बोलली तू? बारा वर्सांची होती तेव्हा विचारलं, मी नाई म्हटलं, अन् तुले माहीत होतं?”

“बोलली असती तर मी कुठं गेली असती?”

कमलाला रडू आलं नाही. ते यायला हवं होतं. तिला एवढंच दिसलं की बारा वर्षांची पोर अर्धी वेणी घेऊन पाठमोरी बसली आहे, आणि जिच्या हातात आपले केस आहेत ती खोटं बोलते आहे हे तिला माहीत आहे, आणि ती म्हणते, बरं. सोळा वर्षांची, वीस वर्षांची, लग्नाच्या पाटावरची. दर वेळी माहीत होतं. आपण इतकी वर्षं आईपणाचं सोंग वठवलं म्हणून मनाशी फुशारत होतो, आणि समोर हे असलं काम चालू होतं, ज्याला नलूही नापास करू शकली नसती.

“कोणता सिनेमा होता?” संघमित्राने विचारलं.

“आता नाव नाई आठवत. हसाचा होता.”

“हो. हसायचाच असन. तू हसली होती.”

“नाई वो,” कमला म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला ते ऐकू आलं. जाडा नट पाटावरून घसरतो, पगडी वरणात पडते, आणि ती, दारावरची दुसरी थाप होऊन पाच मिनिटं झालेली नसताना, खळखळून हसते. मग तोंडावर हात ठेवते, पण उशिरा. हे तिने पोलिसांपासून लपवलं नव्हतं, प्रेमानंदपासून लपवलं नव्हतं. स्वतःपासून लपवलं होतं.

“मी म्हटलं आईले, मोठी माय घरात हाय, हसून राहिली, वाजव ना जोरात. आई म्हणे, हसू दे तिले. सिनेमा चालू असन. संपला का उघडते.” संघमित्राने कपाळ कमलाच्या गुडघ्यावर टेकवलं. “मग आम्ही पायरीवर बसलो. आईनं मले मांडीवर घेतलं, माझे पाय पदरात गुंडाळले. आतून गाणं आलं, मग बाजा वाजला, मग टीव्ही बंद झाला. आई उठून उभी राह्यली. केस नीट केले, पदर सारखा केला. मले म्हणे, आता उघडते पाह्य.”

कमला तेव्हा कूलरसमोर जाऊन आडवी झाली होती.